आलेखात एक उत्तर, लोप पद्धतीत दुसरं: खरं कुठलं?

पत्र

नमस्कार बाई. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. पेट्या भरून घेणं, टेम्पो लावणं, दलालाशी बोलणं हे सगळं माझ्याकडे. शिक्षण दहावी. मुलगी यंदा दहावीला आहे आणि बीजगणिताच्या पहिल्याच धड्यात, दोन चलांतल्या रेषीय समीकरणांत अडून बसली आहे. २क्ष + ३य = १२ आणि ३क्ष − य = ५ हे गणित तिने आलेख काढून सोडवलं तर (२.६, २.३) आलं, लोप पद्धतीने सोडवलं तर २७/११ आणि २६/११. वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. खरं कुठलं? तिचा दुसरा प्रश्न असा की दोन समीकरणांची बेरीज-वजाबाकी करायची मुभा आपल्याला दिली कोणी? वर्गात विचारलं तर 'रीत आहे, पाठ कर' एवढंच उत्तर मिळालं.

आता माझं. हंगामात एकदा टेम्पो सुटताना चिठ्ठी भिजली. ड्रायव्हर म्हणाला, एकूण ४५ नग आणि १५० डझन आंबा. पाच डझनाच्या लाकडी पेट्या किती आणि दोन डझनाचे पुठ्ठ्याचे बॉक्स किती, ते मला हवं होतं. तोंडीच काढलं. सगळे बॉक्सच धरले तर ९० डझन होतात, ६० कमी पडतात. एका बॉक्सच्या जागी पेटी आली की ३ डझन वाढतात. म्हणजे २० पेट्या, २५ बॉक्स. चेडू म्हणतं, "आये, तुझी रीत पुस्तकात नाय." खरंच नाही का? आणि शेवटचं: एका दलालाने दोन पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, पाठवल्या, त्यांत दर लिहिलेलाच नाही, नुसती रक्कम. या गणिताने दर निघेल का?

उत्तर

ताई, तुमच्या रीतीपासून सुरुवात करते, कारण लेकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यातच दडलेली आहेत. तुमची रीत पुस्तकात आहे. तिलाच लोप पद्धत म्हणतात. नुसती लिहून काढली नाही, म्हणून पोरीला ओळखू आली नाही.

लिहून बघू. पेट्या क्ष, बॉक्स य. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतील. माझा हात क्ष आणि य यांनाच सरावला आहे, उत्तर बदलत नाही.) नगांवरून क्ष + य = ४५. डझनांवरून ५क्ष + २य = १५०. 'सगळे बॉक्सच धरले तर ९० डझन' असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तुम्ही पहिल्या समीकरणाला २ ने गुणलंत: २क्ष + २य = ९०. '६० कमी पडतात' म्हणालात, तेव्हा ते दुसऱ्यातून वजा केलंत. उजवीकडे १५० वजा ९०, म्हणजे ६०. डावीकडे २य ला २य गेले आणि ३क्ष उरले. 'एका बॉक्सच्या जागी पेटी आली की ३ वाढतात' हे तुमचं वाक्य म्हणजे तेच ३क्ष. म्हणून ३क्ष = ६०. य कुठे गेला? बॉक्सचा विचारच तुम्ही बाजूला ठेवलात, तिथे त्याचा लोप झाला. पोरीला हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवा. डाव्या बाजूला तुमचं बोलणं, उजव्या बाजूला समीकरण, ओळीला ओळ.

आता 'मुभा कोणी दिली?' हा प्रश्न. पोरगी हुशार आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'पाठ कर' म्हणून गप्प बसवलं की ते गणितापासून जे दुरावतं ते कायमचंच, हे मी वर्गात उभी राहून पाहिलेलं आहे. मुभा यातून मिळते: आपण जी क्ष आणि य शोधतो आहोत, त्यांच्यासाठी दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. क्ष + य ही रक्कम ४५ च आहे आणि ५क्ष + २य ही रक्कम १५० च आहे. सारख्यात सारखं मिळवलं किंवा सारख्यातून सारखं काढलं तर उरतं तेही सारखंच. इतकंच. एरवी क्ष आणि य वाटेल ते असते तर ही बेरीज खरी ठरायचं काही कारण नव्हतं. दोघांची ही एकसामयिक अट आहे म्हणून ती चालते.

पण हे नुसतं ऐकून पटणार नाही. तिला एक आलेखकागद द्या आणि पुढचं काम करायला लावा. यात संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

प्रमाण दोन्ही अक्षांवर १ सेमी = ५ नग. (१ सेमी = १ नग घेतलं तर ४५ सेंटिमीटरचा कागद लागेल. प्रमाण ठरवण्याआधी मोठ्यातला मोठा आकडा बघायचा, ही सवय आताच लागू दे.) पहिली रेषा (०, ४५) आणि (४५, ०) मधून. दुसरी (०, ७५) आणि (३०, ०) मधून. त्या (२०, २५) मध्ये छेदतील. आता दोन्ही समीकरणांची सरळ बेरीज करा: ६क्ष + ३य = १९५, म्हणजे २क्ष + य = ६५. ही तिसरी रेषा झाली. तिचे बिंदू (१०, ४५) आणि (३०, ५). काढून बघा, तीही (२०, २५) मधूनच जाते. मग दुसऱ्यातून पहिलं नुसतं वजा करा: ४क्ष + य = १०५. बिंदू (१५, ४५) आणि (२५, ५). हीसुद्धा तिथूनच जाणार. दोन समीकरणांना कुठल्याही संख्यांनी गुणून तुम्ही कितीही बेरजा-वजाबाक्या करा, मिळणारी प्रत्येक रेषा त्याच एका बिंदूतून जाते, बिजागरीवर दार फिरावं तशी त्या बिंदूभोवती फिरते.

त्या फिरणाऱ्या रेषांमध्ये दोन रेषा आपल्या कामाच्या. एक अगदी उभी, दुसरी अगदी आडवी. उभ्या रेषेच्या समीकरणात य नसतो, क्ष = २० हीच ती. आडवीत क्ष नसतो: पहिल्याला ५ ने गुणून दुसरं वजा करा, ३य = ७५, म्हणून य = २५. सहगुणक, म्हणजे क्ष आणि य यांच्या आधीचे आकडे, सारखे करण्याचा जो खटाटोप पुस्तकात चालतो, तो नेमकी ही उभी किंवा आडवी रेषा पकडण्यासाठी. आलेख आणि लोप या दोन वेगळ्या रीती आहेत असं मुलांना वाटतं, कारण त्या वेगवेगळ्या सरावसंचांत येतात. एकाच कागदावर या सहा रेषा काढल्या की तो गैरसमज जातो. मला विचाराल तर धड्याची सुरुवातच या कागदाने व्हायला हवी.

रीत जुनी आहे, बरं का. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'नऊ प्रकरणे' या चिनी गणितग्रंथात धान्याच्या पेंढ्यांची गणितं गणनकाड्या मांडून अशीच सोडवलेली आहेत, आणि तीही दोनच नव्हे, तीन तीन अज्ञातांची. तुम्ही पेट्यांवर जे केलंत ते त्यांनी पेंढ्यांवर केलं.

आता वहीच्या पानाकडे. खरं उत्तर २७/११ आणि २६/११. ताळा करून बघा: २ × २७/११ म्हणजे ५४/११, ३ × २६/११ म्हणजे ७८/११, बेरीज १३२/११, म्हणजे बरोब्बर १२. दुसऱ्यात ८१/११ वजा २६/११, म्हणजे ५५/११, म्हणजे ५. दशांशात साधारण २.४५ आणि २.३६. आलेखात (२.६, २.३) आलं म्हणजे पोरीची पद्धत चुकलेली नाही, हात थोडा हलला आहे. आलेखाचं उत्तर पेन्सिलीच्या टोकाइतकंच बारीक असतं. १ सेमी = १ एकक धरलं तर कागदावरचं सगळ्यांत बारीक घर ०.१ दाखवतं, २७/११ सारखी संख्या त्यावर कोणालाच वाचता येणार नाही.

तरी दीड मिलिमीटर जरा जास्तच झालं, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. पहिली रेषा चांगली आहे. तिने (०, ४), (३, २) आणि (६, ०) घेतले आहेत, छेदनबिंदू त्यांच्या मध्ये पडतो. घोटाळा दुसऱ्या रेषेत आहे. तिथे कोष्टकात दोनच बिंदू आहेत, (०, −५) आणि (१, −२). सोपे पडले म्हणून घेतले असणार. ते एकमेकांपासून तीन सेंटिमीटरच्या आसपास, आणि छेदनबिंदू मात्र पहिल्यापासून पावणेआठ सेंटिमीटरवर. म्हणजे पट्टी पुढे नेत नेत रेषा वाढवावी लागली. दुसरा बिंदू एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर तिथे पोचेपर्यंत त्याचे जवळजवळ अडीच होतात. त्याऐवजी (१, −२) आणि (३, ४) घेतले असते तर छेदनबिंदू दोघांच्या मध्ये आला असता आणि चूक वाढायला जागाच राहिली नसती. तिसरा बिंदू (२, १) तपासणीला. तीन बिंदू एका रेषेत आले नाहीत तर कोष्टकातच कुठेतरी चिन्ह चुकलं आहे, हे रेषा ओढण्याआधी कळतं. आणि पेन्सिलीला टोक करायला सांगा. फोटोत रेषा चांगली जाडजूड दिसते आहे.

बोर्डाच्या प्रश्नात 'आलेखाने सोडवा' असं असेल तर आलेखच काढायचा, प्रमाण आणि अक्षांची नावं लिहायची, छेदनबिंदूचे निर्देशक लिहायचे. अशा गणितांची उत्तरं सहसा पूर्णांकी असतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पद्धत दिलेली नसेल तर लोप पद्धत. पण तिच्यातही मुलं एका ठरलेल्या जागी घसरतात. वजाबाकी करताना खालच्या समीकरणातल्या पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात आणि पुढच्यांचं विसरतात. −४य वजा −७य हे −११य लिहिणारी मुलं मी मोजणं सोडून दिलं होतं. यावर साधा उपाय आहे: वजाबाकी करूच नका. खालचं समीकरण उजव्या बाजूसकट −१ ने गुणून पुन्हा लिहा आणि मग बेरीज करा. एक ओळ वाढते, गुण वाचतात.

सहगुणक अदलाबदल झालेले दिसले, जसं १९क्ष + २३य = ९९ आणि २३क्ष + १९य = १११, तर मोठमोठे गुणाकार करत बसू नये. बेरीज करा: ४२क्ष + ४२य = २१०, म्हणून क्ष + य = ५. दुसऱ्यातून पहिलं वजा करा: ४क्ष − ४य = १२, म्हणून क्ष − य = ३. उत्तर ४ आणि १, तोंडी.

त्याच धड्यात पुढे क्रेमरची पद्धत येईल, निश्चयकांची. (निश्चयक म्हणजे चार सहगुणकांचे तिरपे गुणाकार करून केलेली वजाबाकी.) गॅब्रिएल क्रेमर हा जिनिव्हाचा गणिती, त्याने हा नियम १७५० मध्ये छापला. तिला ती वेगळी जादू वाटू देऊ नका. अक्षरं घेऊन लोप एकदाच कायमचा करून ठेवला की जे सूत्र उरतं ते क्रेमरचं. तिच्याच गणितात निश्चयक २ × (−१) − ३ × ३ = −११ येतो. उत्तरांच्या छेदात ११ कुठून आले, ते इथे दिसतं.

हा निश्चयक शून्य आला तर काय, हे तुमच्या टेम्पोवरून सांगते. समजा ड्रायव्हरने डझन सांगितलेच नसते आणि म्हणाला असता, '४५ नग, आणि नगाला १० रुपये या दराने हमाली ४५० झाली.' दुसरं समीकरण १०क्ष + १०य = ४५०. हे पहिलंच समीकरण दहापट करून सांगितलं आहे, नवीन माहिती शून्य. आलेखात रेषेवर रेषा बसेल, लोप करायला गेलात तर ० = ० येईल, आणि पेट्या किती ते कधीच कळणार नाही. त्याने हमाली ४८० सांगितली तर? दोन समांतर रेषा, लोप करताना ० = ३० असलं काहीतरी येणार. मुलं इथे 'गणित चुकलं' म्हणून पान खोडतात. गणित बरोबर आहे. ड्रायव्हर तरी चुकतोय नाहीतर हमाल तरी.

आणखी एक गंमत. तो १५० ऐवजी १५१ डझन म्हणाला असता तर क्ष = ६१/३ आलं असतं. समीकरणाला ते चालतं, वीस पूर्णांक एक तृतीयांश पेट्या त्याला खटकत नाहीत. तुम्हाला मात्र तिथेच कळलं असतं की एक डझन कोणीतरी चुकीचा मोजला आहे, किंवा वाटेत खाल्ला आहे.

आता पट्ट्या. दर काढता येईल, पण एका अटीवर. समजा एका पट्टीत १२ पेट्या आणि ८ बॉक्सचे ४६,४०० रुपये आहेत, दुसरीत ९ पेट्या आणि १४ बॉक्सचे ४५,२००. आता क्ष हा पेटीचा दर, य हा बॉक्सचा. १२क्ष + ८य = ४६४०० ला ४ ने भागा: ३क्ष + २य = ११६००. त्याला ३ ने गुणून दुसऱ्यातून वजा करा: ८य = १०४००. बॉक्स १,३०० ला, पेटी ३,००० ला. (इथे आलेखाच्या नादी लागू नका. हजारांच्या आकड्यांना आलेखकागदावर एक मिलिमीटर म्हणजे पाच-पंचवीस रुपयांचा फरक.) रक्कम घेताना भाडं, हमाली कापण्याआधीची घ्या. वजावट झालेल्या रकमेवरून निघतो तो दर नव्हे.

अट अशी की दोन्ही पट्ट्या एकाच दिवसाच्या आणि फळ एकाच प्रतीचं हवं. वाशीचा सोमवारचा दर गुरुवारी नसतो हे मी तुम्हाला सांगायला नको. समजा सोमवारी वरचे दर होते आणि गुरुवारी पेटी २,७०० वर आणि बॉक्स १,२०० वर उतरला. मग दुसऱ्या पट्टीची रक्कम ४१,१०० होते. हे न कळता तुम्ही लोप केलात तर ८य = ६३००, बॉक्स ७८७ रुपये ५० पैसे, आणि पेटी ३,३४१ च्या वर. बघा, प्रत्यक्षात दोन्ही दर उतरले, गणित मात्र सांगतंय की पेटी चढली आणि बॉक्स कोसळला. हे आकडे दोन्हींपैकी एकाही दिवशी बाजारात नव्हते. सोमवारचा क्ष आणि गुरुवारचा क्ष ही दोन वेगळी माणसं झाली, तुम्ही त्यांना एकच नाव दिलंत. चार अज्ञात आणि समीकरणं दोन. यातून दर काढण्याची रीत कोणाकडेच नाही. तेव्हा आधी पट्ट्यांवरच्या तारखा बघा. वेगळ्या असतील तर सरळ फोन करा आणि दरासकट पट्टी मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

जाता जाता, दोघींनी बसून सोडवायला एक जुनं गणित देते. भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं आहे, बाराव्या शतकातलं. त्या काळी क्ष-य नव्हते, अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. एक जण म्हणतो, 'मित्रा, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन.' दुसरा म्हणतो, 'तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.' कोणाकडे किती? इथे तुमची 'सगळे बॉक्सच धरले तर' ही युक्ती थेट लागू पडणार नाही, कारण दिलेलं धन एकाचं कमी होतं तेव्हाच दुसऱ्याचं वाढतं. समीकरण मांडतानाच दोन्हीकडे फेरफार करावा लागतो: क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०). कंस सोडवून पदं जागेवर आणायचं काम तिला करू द्या. पहिलं क्ष − २य = −३०० असं आलं की पुढचं तिला जमेल. लोप झाल्यावर ११क्ष = ४४० मिळेल. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०.